डडलीच्या जुन्या खाणीतून जीवाश्मांची पेटी : कामाच्या नोंदी

आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत पंचवीसेक मुलं आहेत. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात त्यांना हातात घेऊन बघता येईल अशी जीवाश्मांची पेटी करतो, असं फेब्रुवारीच्या बैठकीत मीच बोलून बसलो. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला, घरापासून अर्ध्या तासावर डडली गाव आहे आणि गावाला लागून रेन्स नेस्ट नावाची टेकडी. टेकडी म्हणजे चुनखडीची जुनी खाण. आता ती राखीव आहे. भूशास्त्रासाठी म्हणून जाहीर झालेलं ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र हेच, साल १९५६.

मी वाढलो रायगडात, काळ्या कातळावर. आमच्याकडे दगड फोडला तर आत फार तर गारगोटी निघते. लाव्हाच्या दगडात शिंपले कुठून येणार? त्यामुळे या कामात मी मुलांइतकाच नवखा होतो. कोणी असंच काही करायला घेणार असेल, तर माझे पैसे आणि शनिवार-रविवार जिथे बुडाले तिथे त्यांचे बुडू नयेत म्हणून या नोंदी. बजेट ठरवलं १०० पौंड.

१ मार्च, शनिवार

पहिली फेरी. मुलगा (वय ९) बरोबर. हातोडी आणायची का, हे घरून निघतानाच वाचून घेतलं होतं. आणायची नाही. कड्यावर ठोकायचं नाही, उकरायचं नाही, कुंपणाच्या आत जायचं नाही. कड्याखाली जो चुरा आपोआप पडून साठतो, त्यातले सुटे तुकडे थोडेसे उचलले तर चालतात.

कुंपणाचं कारण तिथे उभं राहिल्यावर कळतं. या टेकडीत चांगल्या चुनखडीचे दोन जाड पट्टे आहेत आणि त्यांच्या मधे मातकट, गाठी-गाठींचा कमअस्सल थर. खाणवाल्यांनी दोन्ही चांगले पट्टे काढले, मधला टाकून दिला. थर सपाट नाहीत, घडी पडून उभे तिरपे झालेत. म्हणून दगड काढल्यावर टेकडीभोवती लांबच लांब चर उरले, आणि पट्टा खोल गेला तिथे त्याच्यामागे आत शिरून मोठमोठ्या गुहा. त्या अजून ढासळतात. दगड कशाला लागायचा? या भागातल्या लोखंडाच्या भट्ट्यांना. धातुकातली घाण बांधून मळी वेगळी करायला चुनखडी टाकत. टेकडीच्या पोटातून माल न्यायला थेट कालव्याचा बोगदा खणला होता.

दोन तास चुऱ्यात वाकून बसलो. मिळालं शून्य. सगळा चुरा एकाच राखाडी रंगाचा, वर धूळ. पाऊस नाही, ऊन लख्ख. मुलाला भूक लागली, माझी पाठ धरली. परत.

जाता जाता तिथल्या वॉर्डनना एक विचारून घेतलं. मूळ बेत असा होता की कड्यावरच्या मोठ्या जीवाश्मावर थेट सिलिकॉन लावून साचा काढायचा, दगड तिथेच राहील, कुणाचं काय जातंय! त्यांनी शांतपणे सांगितलं, नाही. सिलिकॉन ओढून काढताना वरचा पापुद्रा निघतो आणि तेलकट डाग कायमचा राहतो. असल्या कामाला लेखी परवानगी लागते आणि ती शाळेच्या पेटीसाठी मिळत नाही. तेव्हा मनातून खट्टू झालो. त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते २२ मार्चच्या नोंदीत आहे.

खर्च: पेट्रोल. वेळ: ४ तास.

८ मार्च, शनिवार

आज पाण्याची बाटली नेली. इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायची असते ती, १ पौंडाची. एवढ्याने सगळं बदललं.

कोरड्या दगडावर जीवाश्म आणि आजूबाजूचा चिखल-दगड एकाच राखाडीत मिसळलेले असतात. पाण्याचा फवारा मारला की दगड गडद होतो आणि जीवाश्माचा स्फटिक थोडा फिका, चकचकीत राहतो. वीतभर जागेवर फवारायचं, उन्हाकडे पाठ करून अर्धा मिनिट बघायचं, पुढे सरकायचं. पहिल्या दहा मिनिटांत मला मधोमध भोक असलेली एक चकती दिसली, काळ्या मण्याच्या पोतीतल्या मण्याएवढी. क्रिनॉइडच्या देठाचा तुकडा. हा समुद्राच्या तळाला देठाने चिकटून राहणारा, वर कमळासारखा फुललेला प्राणी, तारामाशाचा भाऊबंद. मेला की देठाच्या चकत्या सुट्या होऊन विखुरतात. एक दिसल्यावर मग सगळीकडे त्याच दिसायला लागल्या. मघाशी मी त्यांच्यावरच बसलो होतो.

तासाभरात: मधमाश्यांच्या पोळ्यासारखं फॅव्होसाइट्स पोवळं, अक्रोडाएवढं. हॅलिसाइट्स पोवळ्याचा एक तुकडा. याच्या नळ्या एकीला एक चिकटून वेडीवाकडी साखळी होते, अगदी रांगोळीत ठिपके जोडल्यासारखी. अॅट्रिपा नावाचे तीन ब्रॅकिओपॉड. हे शिंपल्यासारखे दिसतात, पण शिंपले नव्हेत. साध्या शिंपल्याचा उजवा भाग डाव्यासारखा नसतो. यांच्या एकाच झडपेवर मधोमध रेघ मारली तर दोन्ही बाजू सारख्या निघतात. मुलांना ओळखायला ही खूण सोपी.

आणि मग मुलाने एक चपटा तुकडा आणून दिला. "बाबा, याला बरगड्या आहेत."

नखाएवढी अर्धगोल टोपी, मधे उभा फुगीर कणा, दोन्ही बाजूंना आडव्या खाचा. ट्रायलोबाइटची शेपटी. हा कवचवाला समुद्री प्राणी, खेकड्या-कोळंबीचा दूरचा नातेवाईक, कधीच नामशेष झालेला. आमची शेपटी बहुधा त्यातल्या कॅलिमेने या प्रकाराची. या खाणीतला सगळ्यांत प्रसिद्ध रहिवासी तो. खाणकामगार त्याला 'डडली बग' म्हणायचे आणि गावाच्या नगरपालिकेच्या चिन्हातही तो जाऊन बसला. मी तो तुकडा शर्टाच्या खिशात ठेवला आणि घरी पोचेपर्यंत चारदा चाचपून बघितला.

एकूण ११ तुकडे आणले. याहून जास्त नाही. इथे आतापर्यंत ७०० हून अधिक प्रकारचे जीवाश्म सापडलेत, त्यातले १८६ प्रकार जगाला पहिल्यांदा इथूनच कळले आणि ८६ अजूनही दुसरीकडे कुठे मिळालेले नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाने पिशवी भरली तर काय होईल याचा हिशेब करायला नको.

१० मार्च, सोमवार

मूर्खपणाची नोंद. ही वाचली नाही तर बाकीच्या वाचून उपयोग नाही.

काल रात्री सगळे तुकडे साफ करायला बसलो. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश. मातकट थर पाण्यात मऊ होतो, मग टाचणीने हळूहळू निघतो. छान चाललं होतं. एका अॅट्रिपाच्या खाचांत माती घट्ट बसली होती. मला आईचा देवघरातला तांब्या आठवला. चिंच लावली की कसा लख्ख होतो! घरात चिंच होती, पण व्हिनेगर हाताशी होतं. वाटीत व्हिनेगर, त्यात अॅट्रिपा, आणि मी झोपलो.

सकाळी वाटीत फेस आणि तळाला गाळ. अॅट्रिपाच्या कडेपर्यंत जाणाऱ्या बारीक उठावदार रेघा गेल्या. उरली साबणाची चिपटी. माती मात्र तशीच.

कारण आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं आणि पुसायला उशीर झाला की पांढरा डाग पडतो ना, तेच. शहाबादीही चुनखडीच. इथे तर दगडही चुनखडी आणि आतला जीवाश्मही त्याच कॅल्शियम कार्बोनेटचा. आम्ल दोघांना सारखंच खातं, आणि चिकणमातीला हातही लावत नाही. म्हणजे मी नको ते शिल्लक ठेवलं आणि हवं ते विरघळवलं. काही प्रयोगशाळा आम्लाने जीवाश्म काढतात, पण तिथे जीवाश्म वेगळ्या खनिजाचा असतो किंवा त्यावर आधी लेप दिलेला असतो.

चुनखडीला पाणी, ब्रश, टाचणी आणि सबुरी. बाकी काही नाही.

१६ मार्च, रविवार

साचे. मुलं २५, मूळ तुकडे दहा, आणि त्यातली शेपटी एकच. म्हणून प्लास्टरच्या प्रती काढायच्या.

लेगोचे ठोकळे रचून भिंत केली (मुलाची परवानगी घेऊन), तळाला प्लॅस्टिसीन (मुलांची आकार करायची माती), त्यात शेपटी अर्धी रोवली आणि वरून दोन भागांचं सिलिकॉन ओतलं. २४ पौंडांचं किलोभर, प्लॅटिनमवर घट्ट होणाऱ्या जातीचं. डब्यावर चार तास लिहिलं होतं. सहा तासांनी वरून घट्ट वाटलं. उलटं केलं, तर प्लॅस्टिसीनला आणि शेपटीला टेकलेला सगळा भाग श्रीखंडासारखा. दुसऱ्या दिवशीही तसाच.

दोष सिलिकॉनचा नव्हता. प्लॅस्टिसीनमध्ये गंधक असतं आणि गंधक लागलं की प्लॅटिनमवालं सिलिकॉन घट्टच होत नाही. शेपटी त्याच प्लॅस्टिसीनच्या हातांनी दाबून बसवली होती, म्हणजे तिलाही ते लागलेलं. रबरी हातमोज्यांचाही हाच त्रास, नायट्राइलचे वापरा. तपासायची पद्धत सोपी आहे: चमचाभर सिलिकॉन कालवून मातीच्या गोळीवर टाका आणि बघा. पाच मिनिटांचं काम मी केलं नाही. शेपटीच्या खाचांतून तो चिकट लगदा टाचणीने काढायला दोन संध्याकाळी गेल्या.

बिनगंधकाची माती मागवली, ६ पौंड. कथिलावर घट्ट होणारं सिलिकॉनही मागवलं, २७ पौंड. ते असल्या बाबतीत एवढं नाजूक नसतं. आकसतं थोडं, पण आम्हाला मोजमाप करायचं नाहीये.

२२ मार्च, शनिवार

दुसरा प्रयत्न. साचा निघाला, आणि काय निघाला! शेपटीवरचे वाळूच्या कणाएवढे दाणेसुद्धा उमटलेत. भिंगातून बघत बसलो.

पण फॅव्होसाइट्सवर एक गडद तेलकट कडं राहिलं. साबण, पाणी, काही केलं तरी जात नाही. सच्छिद्र दगड सिलिकॉनमधलं तेल शोषून घेतो. वॉर्डननी सांगितलेला डाग तो हाच. कड्यावर हा प्रयोग केला असता तर पुढची कितीतरी वर्षं येणारा-जाणारा तो डाग बघत गेला असता.

उपाय संग्रहालयवाले करतात तोच: पॅरलॉइड बी-७२ नावाचं राळेसारखं रसायन अॅसिटोनमध्ये विरघळवून (साधारण पाच टक्के) त्याचा पातळ हात आधी दगडाला द्यायचा. नंतर अॅसिटोनने ते काढताही येतं. दोन्ही मिळून १८ पौंड. खिडक्या उघड्या ठेवून करा. मी केलं नाही, डोकं धरून बसलो.

२३ मार्च, रविवार

प्लास्टर ओतलं. साधं प्लास्टर ऑफ पॅरिस, १०० ग्रॅमला ६५ मिलिलिटर पाणी. पहिल्या आठही प्रती फुकट. प्रत्येकीवर बुडबुड्यांचे खड्डे, नेमके शेपटीच्या कडेला. एक तर अशी आली की ट्रायलोबाइटला देवी आल्यात असं वाटावं.

वैतागून उरलेलं प्लास्टर सिंकमध्ये ओतलं आणि वर गरम पाणी सोडलं.

२५ मार्च, मंगळवार

नळवाला. ८५ पौंड. प्लास्टर पाण्याखालीही घट्ट होतं, आणि सिंकखालच्या वाकड्या नळीत तर फारच छान होतं. नळवाल्याने तो नळीच्या आकाराचा पांढरा ठोकळा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, हा तुमचा सगळ्यांत चांगला साचा झालाय. बायको हसली नाही.

उरलेलं प्लास्टर कागदाच्या कपात ठेवायचं, घट्ट झालं की कचऱ्यात. भांडी पुसून घ्यायची, मग बादलीत धुवायची, बादलीचा गाळ बसू द्यायचा.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

आजच घड्याळं तासभर पुढे गेली, म्हणजे सणाच्या दिवशी एक तास कमी. गुढी उभारून झाल्यावर पेणला मावसभावाला फोन केला. तो गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती काढतो. पंचवीस वर्षं तेच काम. हे मला २३ तारखेला का सुचलं नाही देव जाणे.

"दादा, बुडबुडे फार येतात रे."

"तू एकदम भरतोस का साचा?"

"हो."

"मग येणारच की! आधी ब्रशने पातळ मार. सगळ्या कोपऱ्यांत ने, फुंकर घाल. मग वरून एका बाजूने, बारीक धारेने भर. आणि साचा खालून टिचक्या मारून हलव. तुझं पीओपी पाण्यात टाकतोस की पाणी पीओपीत?"

"पाणी पीओपीत."

"उलटं कर. पाण्यात पीओपी भुरभुरव, बसू दे मिनिटभर, मग हळू ढवळ. ताक घुसळतोयस का?"

त्याने सांगितलं तसं केलं. पहिल्या सहापैकी पाच प्रती स्वच्छ. श्रीखंड खाऊन परत बसलो आणि अजून सहा. दंतवैद्यांकडे जबड्याचे साचे भरायला वापरतात ते कडक प्लास्टरही आणून ठेवलं होतं (५ किलो, १६ पौंड, याला पाणी खूप कमी, १०० ग्रॅमला ३० मिलिलिटर). त्याच्या प्रती नखाने ओरखडत नाहीत. मुलांच्या हातात द्यायचं तर हेच. साधं पीओपी फक्त सरावाला ठेवा.

५ एप्रिल, शनिवार

खाणीत वाटेच्या कडेला पाटाएवढा एक सुटा दगड आहे, वरचा सगळा पृष्ठभाग क्रिनॉइडच्या चकत्या आणि ब्रायोझोआच्या (वसाहत करून राहणाऱ्या बारीक समुद्री जीवांच्या) जाळ्यांनी भरलेला. तो उचलायचा प्रश्नच नाही. मोबाइलने चहूबाजूंनी फोटो काढून संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती करायची ठरवली. १४० फोटो काढले. घरी सॉफ्टवेअरने त्यातून वितळलेल्या मेणबत्तीसारखं काहीतरी तयार केलं. कारणं तीन: भर उन्हात माझी सावली प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी; लागोपाठच्या फोटोंत पुरेसा समान भाग नाही, निदान साठ-सत्तर टक्के हवा; आणि मी मधेच त्यावर पाणी फवारलं, म्हणजे अर्ध्या फोटोंत दगड ओला-चकचकीत आणि अर्ध्यांत कोरडा. पाण्याची बाटली सगळीकडे चालत नाही.

६ एप्रिल, रविवार

सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत, परत. ९० फोटो, दगड कोरडा, बाजूला स्टीलची ३० सेंटीमीटरची पट्टी (नाहीतर प्रतिकृती केवढी हे कळत नाही). या वेळी चकत्यांची भोकंसुद्धा आली.

तिथून पुढे लहरींच्या कातळाकडे गेलो. एक अख्खी उतरती भिंत, समुद्राच्या तळाच्या वाळूवर लाटांनी उमटवलेल्या वळ्यांची. ओहोटीला अलिबागच्या पुळणीवर पायाखाली लागतात त्या वळ्या, फक्त इथे त्या उभ्या करून समोर टांगल्यात. सुमारे ४२-४३ कोटी वर्षांपूर्वी ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला उथळ, कोमट समुद्राखाली होती. सकाळच्या तिरक्या उन्हात प्रत्येक वळीला सावली होती. मी दुपारी आलो असतो तर भिंत सपाट दिसली असती. हिचे फक्त फोटो, कुंपणाबाहेरून.

१२ एप्रिल, शनिवार

अडचण: पेटीत शेपटी आहे, अख्खा ट्रायलोबाइट नाही. सव्वा महिन्यात पाच फेऱ्या झाल्या, मिळाला नाही. मुलं विचारणार, डोकं कुठंय?

डडलीच्या संग्रहालयात गेलो. काचेमागे अख्खे आहेत, एकेक पायरीदार पाठ, भुवयांसारखे उंचवटे. एक तर गुंडाळून गोळा झालेला. पावसाळ्यात आपल्याकडे काठी लावली की पैसा किडा वेटोळं करतो, तसा. भीती वाटली की पोट आत, पाठ बाहेर. त्या गोळ्यापुढे मुलगा दहा मिनिटं उभा राहिला आणि "तो अजून घाबरलेलाच आहे" असं म्हणाला.

विकतची प्रतिकृती घेऊन तिचा साचा काढावा असा विचार येऊन गेला, पण दुसऱ्याच्या कामाच्या प्रती काढणं बरं नाही, आणि पेटी आपल्या हाताची राहणार नाही. तिथल्या माहितीतून सुटका झाली. ट्रायलोबाइट वाढताना कात टाकायचे, सापासारखी. कवच डोकं, धड, शेपटी असं सुटं व्हायचं. खाणीत जे मिळतं त्यात अशी कात पुष्कळ. म्हणजे आमची शेपटी हा तुटका तुकडा असेलच असं नाही, कुणाचातरी लहान झालेला अंगरखाही असेल. पेटीत हेच सांगायचं. शेजारी मुलाने काढलेलं अख्ख्या प्राण्याचं चित्र, ज्यात शेपटी तेवढी रंगवलेली.

१९ एप्रिल, शनिवार

रंगकाम. प्लास्टर पांढरंशुभ्र, त्यावर उठाव दिसत नाही. पहिल्या दोन प्रतींना थेट तपकिरी रंग दिला, त्या चॉकलेटसारख्या झाल्या (चार वर्षांच्या भाचीने एक चाटली). नंतर पातळ काळपट रंगाचं पाणी खाचांत सोडलं, वरून ओल्या फडक्याने पुसलं. खाचा गडद, उठाव फिका. १५ मिनिटांत एक. रंगांचे ८ पौंड.

२६ एप्रिल, शनिवार

तीन मुलांना घरी बोलावून चाचणी. शिकण्यासारखं बरंच:

चिठ्ठ्यांवर मी आठ-आठ ओळी लिहिल्या होत्या, १८३९ साली मर्चिसन या भूशास्त्रज्ञाने सिल्युरियन कालखंडावर (या खाणीतले थर त्याच काळातले) ग्रंथ लिहिला, त्यात डडलीचे जीवाश्म, वगैरे. कुणी वाचलं नाही. आता दोन ओळी: हे काय आणि हे कुठे राहायचं. मर्चिसन गेला.

एक प्रत पडून फुटली. फुटल्यावर आतला पांढरा भाग बघून मुलं म्हणाली, "खोटंय हे." बरोबरच आहे. म्हणून आता प्रत्येक प्रतीच्या पाठीवर 'प्रत' असं खोदलंय, आणि खऱ्या तुकड्यांना पेटीत लाल कापड. खरं-खोटं आधीच सांगितलं की मुलं फसवल्यासारखी चिडत नाहीत.

भिंग एकच ठेवलं होतं, त्यावरून भांडण झालं. तीन घेतली, जुनीच, मंडळातल्या एका काकूंनी शिवणाच्या डब्यातून दिली.

४ मे, रविवार

कार्यक्रम. लेझीम आणि वडापाव यांच्या मधल्या चाळीस मिनिटांत आमचं टेबल. पेटीच्या बाजूला स्टीलची परात ठेवली होती, तळाला बारीक वाळू, वर तीन बोटं पाणी. परातीची एक कड धरून एका लयीत हळू डोलवायची. मिनिटाभरात वाळूवर वळ्या उठतात. शेजारी लहरींच्या कातळाचा फोटो. या परातीवर माझा खर्च शून्य आणि गर्दी सगळ्यांत जास्त. पाणी दोनदा सांडलं, शाळेच्या ताईंनी मुकाट्याने पुसलं.

एका आजोबांनी बराच वेळ हॅलिसाइट्स हातात धरला होता. ते मूळचे गडचिरोलीचे. सिरोंचाजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे, दगड झालेली झाडं आणि डायनासोरची हाडं मिळालेली. "आमच्या गावापासून जवळ, पण मी कधी गेलो नाही," म्हणाले. "पुढच्या खेपेला जाईन." महाराष्ट्रात असं काही आहे हे टेबलाभोवतीच्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. मला स्वतःला महिन्यापूर्वी नव्हतं.

शेपटीच्या २५ प्रती वाटल्या, ३ उरल्या.

१० मे, शनिवार

हिशेब. सिलिकॉन २४ + २७, बिनगंधकाची माती ६, साधं पीओपी ९, कडक प्लास्टर १६, पॅरलॉइड आणि अॅसिटोन १८, रंग ८, पेटी आणि फोम १४, फवारा १, पेट्रोल ३०, नळवाला ८५. एकूण २३८ पौंड. नळवाला आणि पहिलं सिलिकॉन वगळलं तर १२९, आणि तेही बजेटच्या बाहेरच. तास मोजले ते साधारण पन्नास. पुन्हा केलं तर वीस लागतील.

पेटीत सात खरे तुकडे राहिले. उरलेल्या चारांपैकी तीन आज खाणीत परत नेऊन जिथून उचलले त्याच चुऱ्यात ठेवले. मुलाने ठेवण्याआधी प्रत्येकावर एकदा पाणी मारून बघितलं. चौथा, व्हिनेगरमधला अॅट्रिपा, नेला नाही. तो सिंकवरच्या खिडकीत आहे, भांड्यांच्या साबणाशेजारी. बायकोने तो तिथे ठेवलाय आणि मला हलवू देत नाही.